खाली ठेवलेलं ताट

हिंगोली,
११ फेब्रुवारी २००१

चि. सौ. मोहिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. पत्र कसलं, आरोपपत्रच. संपतराव, अंजली आणि घरची सगळी खुशाल आहेत असं मी धरून चालते, कारण मला शिव्या देण्याच्या भरात ते लिहायचं तू विसरलीस.

इकडे सगळं ठीक. हळदीचा मोसम सुरू झाल्यामुळे बाजाराकडच्या रस्त्यानं पायी जाण्याची सोय राहिलेली नाही. आपला जिल्हा नवा झाला, कचेऱ्या नव्या झाल्या, पाट्या नव्या झाल्या. गटार मात्र जुनंच आहे. गोजरबाईनं लोणच्याची बरणी फोडली आणि वर मलाच म्हणाली, ‘बाई, ती पहिलीपासूनच चिरलेली व्हती.’ काम मात्र स्वच्छ करते, म्हणून मी गप्प बसते.

आता तुझ्या पत्राबद्दल. तू लिहितेस, ‘अक्का, तुला आमचं चांगलं बघवत नाही.’ हे वाक्य तू ज्या बहिणीला लिहिलंस तिनं तुझ्या अंजलीला अकरावीपासून बी.एस्सी.पर्यंत आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. असो.

अंजलीच्या साखरपुड्याला विधवेनं पहिलं कुंकू लावायचं नाही म्हणून तुझ्या जावा नाक मुरडत होत्या आणि तू माझ्यासाठी त्यांच्याशी भांडलीस, हे मला माहीत आहे. मी तिथेच उभी होते. शेवटी मुलाची आजी, नर्मदाबाई, स्वतः म्हणाल्या, ‘लावू द्या की. माझं तरी कपाळ कुठं भरलेलं हाय? बाईंनीच लावावं.’ हेही मी ऐकलं. आणि एवढं होऊन भरल्या मांडवात मी कुंकवाचं ताट जमिनीवर ठेवलं, एक शब्द न बोलता मागच्या दारानं बाहेर पडले आणि मुलाकडच्यांच्याच जीपमध्ये बसून हिंगोलीला आले. ताटातलं कुंकू सांडलं. पाहुणे न जेवता उठले. आता ते लोक लग्नाची तारीख धरायला तयार नाहीत. सगळं खरं.

पण मी कुणाला वाईट बोलले का? एक तरी शब्द? नाही ना? मग जो तो मनानंच काहीबाही का ठरवतो आहे?

वारंगा फाट्यावर टायरचं दुकान आणि दोन जीपा एवढ्यावर मुलगी द्यायची म्हटल्यावर, ‘अंजलीनं बी.एस्सी. काय पंक्चर काढायला केलं का,’ असं मी म्हणाले होते. ते मी तुझ्या स्वयंपाकघरात म्हणाले होते. तुझ्या जावेनं ते फाट्यापर्यंत पोचवलं यात माझा काय दोष? आणि मुलगा पाहिल्यावर मला एकही खोट काढता आली नाही, हे कुणी पोचवलं नाही.

माझी प्रकृती त्या दिवशी जरा नरम होती, एवढंच. पोटात अधूनमधून कळ येते. इथे मुबश्शीरला दाखवलं होतं. इब्राहीम घड्याळवाल्याचा मुलगा, माझा विद्यार्थी, आता डॉक्टर आहे. त्यानं कळेवर गोळी दिली आहे. शिवाय आणखी एक तक्रार आहे, ती लिहिण्यासारखी नाही. तिच्यावरची गोळी मी दुकानातून आणते. काळजीचं कारण नाही.

क्षमा मागायला मी फाट्यावर जाणार नाही. ज्यांना एका ताटावरून एवढा अपमान वाटतो, त्यांनी आधी मला विचारायला हवं होतं.

विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं, ते वेगळं.

तुझी, आणि कितीही रागावलीस तरी वयानं मोठीच राहणारी,
अक्का


हिंगोली,
५ मार्च २००१

मोहिनी,

हे पत्र संपतरावांच्या हाती पडू देऊ नको. वाचून झालं की चुलीत घाल.

इकडे ऊन तापायला लागलं आहे. गोजरबाईनं माठ काढला. समोरच्या लिंबाला मोहोर आला आहे. असं बरंच काही मी लिहू शकते, आणि लिहून फाडलंही.

मी दवाखान्यात होते. नांदेडला हलवावं लागतं की काय इथवर आलं होतं, पण ते टळलं. आता घरी आहे, पेज घेते आहे. तुला कळवलं नाही, कारण काय झालं ते लिहावं लागलं असतं.

आमच्या सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये वर्गाच्या दाराशी खिळ्याला एक लाकडी पट्टी टांगलेली असे. जिला जायचं असेल तिनं उठून ती पट्टी घ्यायची, जाऊन यायचं आणि पट्टी परत टांगायची. तोंडानं काही बोलायचं नाही. पट्टी जागेवर नसली तर बसून राहायचं. तू पुसेगावच्या शाळेत ‘गुरुजी, परसाकडं!’ असं ओरडून पळत सुटायचीस. सुट्टीत घरी आले की मला तुझी लाज वाटायची. माझी साठी झाली तरी तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही. डॉक्टरसमोरही निघाला नाही, आणि सगळं तिथेच बिघडलं.

मुबश्शीरनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ‘टीचर, पोट साफ होतं का?’ समोरच्या बाकावर बायका बसलेल्या. नखं वाढलेली दिसली म्हणून ज्या मुलाला मी वर्गाबाहेर उभं केलं होतं, त्याला मी हे सांगू? म्हटलं, ‘व्यवस्थित. फक्त कळ येते.’ त्यानं विचारलं, ‘आणखी कुठली गोळी चालू?’ म्हटलं, ‘नाही.’ टीचर खोटं बोलतील असं त्याच्या मनातही आलं नाही.

दोन्ही खोटं होतं. मला परसाकडे होत नव्हतं, कितीतरी महिने. आणि गोळी चालू होती.

बघ, लिहिला तो शब्द. आता दुसरं लिहिते, ते याहून अवघड आहे.

शाळेची घंटा माझ्या घरापर्यंत ऐकू येते. निवृत्त झाल्यावर ती वाजली की मला रडू यायचं. पुढे पुढे घंटेची वाट न बघताच यायला लागलं. जेवण नको, अंघोळ नको, कुणी दार वाजवलेलं नको. तू तेव्हा म्हणायचीस, ‘अक्का, तू आताशा सणालाही येत नाहीस, एवढा कसला गर्व?’ गर्व नव्हता, मोहिनी. मला उठता येत नव्हतं. शेवटी खरेदीला जाते म्हणून नांदेडला गेले आणि डोक्याच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी उदासीवरची गोळी दिली. गुण आला. ती गोळी मी शिवणाच्या डब्यात रिळांच्या खाली ठेवते. ‘शौचाला त्रास झाला तर लगेच कळवा,’ असं त्यांनी बजावलं होतं. मी काय कळवणार!

दवाखान्यात क्ष-किरणाचा फोटो काढल्यावर मुबश्शीर माझ्या खाटेजवळ आला. नर्सला त्यानं बाहेर पाठवलं. म्हणाला, ‘टीचर, आता मला सगळ्या गोळ्या दाखवा. सगळ्या.’ मी गोजरबाईला शिवणाचा डबा आणायला सांगितला.

मग त्यानं फोटोच्या पाकिटावर चित्र काढून मला शिकवलं.

‘तुम्हीच सांगितलं होतं टीचर, चेतातंतू आणि समोरची पेशी यांच्यात बारीक फट असते. तंतू त्या फटीत रसायन सोडतो. समोरच्या पेशीवर ते ओळखणारी ठिकाणं असतात.’

‘ग्राही,’ मी म्हटलं. मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

‘बराबर. पण तुम्ही हातापायांचं शिकवलं. आतड्यांचं न्हाई शिकवलं.’

खरं आहे. तो धडा मी मुलांना घरी वाचायला सांगत असे.

त्यानं सांगितलं ते माझ्या शब्दांत लिहिते. आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचं स्वतःचं जाळं असतं. कोट्यवधी पेशी, आणि मेंदूला न विचारता त्या आपलं काम चालवतात. अन्नाचा दाब भिंतीवर पडला की तिथल्या काही पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात. शेजारच्या चेतातंतूंवरचे ग्राही ते ओळखतात, निरोप पुढे जातो, मग ॲसिटिलकोलीन हे दुसरं रसायन सुटतं. स्नायूवरच्या ग्राहींना ते मिळालं की मागचा भाग आवळतो, पुढचा सैल पडतो आणि आतलं पुढे सरकतं. शाळेसारखंच. घंटा होते, मुलं उठतात, रांग चालायला लागते.

माझी उदासीवरची गोळी डोक्यात आपलं काम करत होतीच. पण पोटात उतरून ती त्या ॲसिटिलकोलीनच्या ग्राहींवरही ठाण मांडून बसली होती. घंटा वाजते आहे आणि मुलांच्या कानात कापसाचे बोळे. कुणी उठत नाही. साचलेलं घट्ट झालं, त्याच्या कळा यायला लागल्या. कळेवर मुबश्शीरनं दिलेली गोळीही त्याच ग्राहींवर बसणारी. मी खरं सांगितलं असतं तर त्यानं ती दिलीच नसती. बोळ्यांवर आणखी बोळे. मग त्या घट्ट झालेल्याच्या कडेनं नुसतं पाणी झिरपायला लागलं. मला वाटलं, जुलाब. मी दुकानातून जुलाब थांबवणारी गोळी आणली. ती वेगळ्याच ग्राहींवर बसते, अफू ज्यांच्यावर बसते त्यांच्यावर, आणि घंटा वाजवणाऱ्या शिपायालाच गुंगी आणते.

बंद पडत चाललेलं आतडं मी स्वतःच्या हातानं आणखी बंद करत होते, कारण मला कुणापुढेही एक वाक्य उच्चारायचं नव्हतं.

गंमत म्हणजे शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन डोक्यात नसतं, आतड्यात असतं. मी डोक्याची लाज वेगळी लपवत होते आणि पोटाची वेगळी. आत मात्र दोन्हीकडे तेच निरोप, तेच ग्राही.

‘आधी सांगितलं असतं तर,’ असं मुबश्शीर म्हणाला नाही. मी त्याच्या जागी असते तर म्हटलं असतं, आणि दोनदा म्हटलं असतं. तो फक्त म्हणाला, ‘नांदेडच्या डॉक्टरांशी बोलतो. उदासीवरची गोळी एकदम सोडायची न्हाई, ते बदलून देतील. पोटाच्या दोन्ही आजपासून बंद.’ पुढचे उपाय नर्सनं केले. त्यांचं वर्णन तू मागू नको. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि कॉन्व्हेंटमधली ती लाकडी पट्टी आठवत होते.

आता तुला साखरपुड्याचं कळलंच असेल.

निघताना मी ती जुलाबाची गोळी जास्तीची घेतली होती. तू दिलेली मोरपंखी साडी नेसले होते. अंजली पाटावर बसली, मी ताट घेऊन वाकले, आणि वाकताक्षणी झालं. थांबवता आलं नाही. कळलंसुद्धा नाही आधी. मी ताट ठेवलं, पदर मागे ओढून घेतला आणि मागच्या दारानं निघाले.

बाहेर त्यांचा ड्रायव्हर, जळबा, तंबाखू मळत उभा होता. मी ‘हिंगोली’ एवढंच म्हटलं. त्याचं नाक काही बंद नव्हतं. त्यानं मागचं पोतं काढून सीटवर अंथरलं, म्हणाला, ‘बसा बाई, सीट लई गार पडली,’ आणि गाडी सुरू करण्याआधी समोरचा आरसा वर फिरवून टाकला.

साडी मी मोरीमागे गोणपाटात कोंबली होती. गोजरबाईनं ती शोधून धुतली आणि दर्शनी दोरीवर वाळत घातली. मी ओरडले, तर म्हणते, ‘लुगडंच हाय ना बाई, धुतलं की झालं. एवढं काहून बोंबलता?’

काल जळबा दारात आला. आत आला नाही. म्हणाला, ‘बाई, तब्येत कशी हाय? तिकडं मालकीणबाई रोज इचारून राहिल्या, बाई जीपीत काय बोलल्या. मी म्हन्लं, काहीच न्हाई. लगीन अजून मोडलं न्हाई, पन म्हातारी आडून बसली. म्हन्ते, शिकल्या-सवरल्या बाईनं ताट खाली ठिवलं, त्यांना आमच्यात काहीतरी दिसलं आसंल. नाराजीनं आलेलं लेकरू आमच्याकडं नांदंल कसं?’

न सांगता गाडी नेली म्हणून त्याला तिथे बोलणी बसली आहेत. तरी तो बोललेला नाही.

मी फाट्यावर जाऊन हे सांगू शकत नाही, मोहिनी. दुष्ट म्हणवून घेणं मला जमतं, सवय आहे. हे जमणार नाही. तू त्यांना एवढंच सांग की अक्काला चक्कर आली होती. बाकी सगळं तुझ्यामाझ्यात राहू दे.

कधी नव्हे ती तुझ्याकडे काही मागणारी,
अक्का


हिंगोली,
१९ मार्च २००१

आदरणीय नर्मदाबाईंना
सविनय नमस्कार.

मी अंजलीची मोठी मावशी. हे पत्र जळबाच्या हाती देते आहे. तुम्हाला वाचता येत नाही असं मोहिनीनं सांगितलं, म्हणजे तुमचा नातू प्रभू हे वाचून दाखवणार आणि घरातली सगळी माणसं ऐकणार. हे माहीत असूनच लिहिते आहे. प्रभू, मधलं काही गाळायचं नाही. मी आयुष्यभर मुलांकडून धडे वाचून घेतले आहेत, गाळलेलं मला घरबसल्या कळतं.

मला चक्कर आली होती असा निरोप मोहिनीनं तुम्हाला दिला. तो तिनं माझ्या सांगण्यावरून दिला आणि तो खोटा होता. तुम्ही बरोबर विचारलंत, ‘चक्कर आलेलं माणूस स्वतःच्या पायानं जीपपर्यंत जातं व्हय?’ त्यावरून मग फाट्यावर बोलणं सुरू झालं की मावशीला मिरगी आहे, मुलीच्या घराण्यातच रोग आहे. माझ्या एका खोट्यानं अंजलीच्या नावावर नसलेला आजार चिकटला.

गेल्या गुरुवारी अंजली एसटीनं एकटीच माझ्याकडे आली. पाणीही न पिता म्हणाली, ‘मावशी, तुला हे स्थळ नको असेल तर तसं सांग, मी नाही करणार. पण मला तो मुलगा आवडलाय.’ प्रभू, हे वाचून तू लाजला असशील तर पुढे वाच. मी तिला तेव्हाही खरं सांगितलं नाही. म्हटलं, ‘चहा घे.’ ती चहा न घेता गेली. जाताना माझ्या पाया पडली. तिच्या मागे दार लावून घेतलं आणि मला माझी किळस आली. साखरपुड्याच्या दिवशीही आली नव्हती एवढी.

तर ऐका. त्या दिवशी तुमच्या नातसुनेला कुंकू लावायला मी वाकले आणि मला साडीत परसाकडे झालं.

कारणही सांगते. माझ्या पोटात सगळं तुंबलं होतं आणि मी ते डॉक्टरपासून लपवलं होतं. उलट परिणाम करणाऱ्याच गोळ्या घेत राहिले. त्यातली एक गोळी मी उदासीवर घेते. आणखी काही अर्धं लपवलं तर तेही फिरून अंजलीच्याच अंगावर येईल, म्हणून हेही सांगते. मला वेड लागलेलं नाही. मालक गेले, मग शाळा सुटली, आणि मला सकाळी उठावंसं वाटेना. तुमचे मालक गेल्यावर तुम्हाला कसं झालं होतं ते तुम्हाला आठवत असेल. मी त्यावर औषध घेतलं, आणि लाजेनं ते चोरून घेतलं. औषधानं मला उभं केलं; लपवाछपवीनं दवाखान्यात नेलं. आता गोळी बदलून मिळाली आहे, पोट ठीक आहे, आणि हा मावशीकडून भाचीकडे जाणारा आजार नाही. विश्वास नसेल तर हिंगोलीला मुबश्शीर डॉक्टरांना विचारा. ‘टीचरबद्दल कुणी काहीही विचारलं तरी सगळं सांग,’ असं मी त्याला सांगून ठेवलं आहे. ते सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

तुमच्या दुकानाबद्दल मी पूर्वी जे बोलले ते तुमच्यापर्यंत आलं आहे. ते मी बोलले होते. नाकारत नाही. मला काहीच माहीत नव्हतं आणि बोलायची घाई होती. तुमचा माणूस तुमच्याच घरी बोलणी खात राहिला, पण माझी लाज त्यानं उघडी केली नाही. हे सगळं कळूनही मला लेखणी उचलायला इतका वेळ लागला. जळबाला गाडीवरून काही बोलू नका. गाडी त्यानं नेली नाही, मी नेली.

आता वाचून झाल्यावर कुणाला हसू आलं तर हसू द्या. माझ्या वर्गात अशा गोष्टीवर हसणाऱ्या मुलांना मी अंगठे धरून उभं करत असे. तुमच्याकडे मला तो अधिकार नाही.

फक्त एक गोष्ट माझ्यासाठी नीट ऐका. विधवेच्या हातचं कुंकू तुम्ही मागून घेतलंत. माझ्या जन्मात मला असा मान कुणी दिला नव्हता. ते ताट मी टाकलं नाही. तुमच्या घरात मला काही वाईट दिसलं म्हणूनही ठेवलं नाही. त्या क्षणी माझं अंग तुमच्या घरच्या लेकराला शिवण्याजोगं राहिलं नव्हतं, म्हणून मी ते ठेवलं. मला त्या वेळी तेवढंच सुचलं, आणि तेवढंच त्या दिवसात मी बरोबर केलं असं अजूनही वाटतं.

तारीख धरायची की नाही ते तुम्ही ठरवा. धरलीत आणि ते कुंकू पुन्हा लावायला मला बोलावलंत, तर मी येईन. जळबालाच पाठवा. या वेळी वाटेत गरज पडली तर गाडी थांबवायला मी त्याला मोठ्यानं सांगेन.

रागावून न गेलेली,
अंजलीची मावशी